दुपारपाळीची ताई

दुपारी जेवणं आटोपून शहर जरा पेंगायला लागलं की लिफ्टही पेंगतात. मध्येच थांबतात, दिवे मिचकावतात आणि आतल्या माणसाला स्वतःबरोबर एकटं सोडतात. अशा वेळी लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की एक फोन वाजायचा आणि ताई तो उचलायची.

"हॅलो! हॅलो! मी आत आहे!"

"तुम्ही आत आहात म्हणूनच आपण बोलतोय," ताई म्हणाली. "कुठल्या मजल्याला निघाला होतात?"

"अहो, मी दातांचा डॉक्टर आहे! वर पेशंट तोंड उघडून बसलाय!"

"मिटायला सांगेल कोणीतरी. डॉक्टर, दाराला लाथा मारताय का?"

"एकच मारली."

"आता मारू नका. आतून ढकललं की ते दार रुसतं. पाठ भिंतीला लावा आणि खाली बसा. मिस्त्री निघालेत."

"हवा संपेल का हो, ताई?"

"नाही. लिफ्टला फटी असतात. तुम्ही कितीही बोललात तरी संपणार नाही."

डॉक्टर हसला, मग थोडा रडला, मग आपल्या बायकोविषयी बोलला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचा नियमच होता: ज्याने फोन उचलला त्याने दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. त्यामुळे शहरातल्या बऱ्याच बायकांविषयी ताईला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त माहिती होती. दार उघडलं, डॉक्टर "थँक्यू ताई" म्हणून पळाला, आणि ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

ही ताई कोण, ते आता सांगायला हवं. कारण कंपनीच्या दुपारपाळीत एकही बाई नव्हती.

ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून घरच्यांना आनंद झाला होता. तो अंदाज चुकला होता, एवढंच. तिला हे फार लहानपणी कळलं, घरच्यांना ती कमवायला लागल्यावर कळलं, आणि कंपनीला अजून कळायचं होतं. ती रोज शर्ट-पँट घालून, केस बारीक कापून, एका जाड आवाजाचं ओझं घशात घेऊन कामावर यायची. तो आवाज तिने वडिलांवरून उचलला होता आणि तो फार वेळ पेलत नसे. म्हणून ती बोलायचीच नाही. कारखान्यात लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या फोरमननं काही विचारलं की "हूं", साहेबांनी विचारलं की "हो साहेब". अख्खा कारखाना तिला 'मौनी' म्हणायचा. दिवसभर बोलायचा पगार घेणाऱ्या माणसाला मौनी म्हणण्यात काही चुकतंय, असं कोणाला वाटलं नाही.

फोनची केबिन कारखान्याच्या कोपऱ्यात होती. मोटारींचा खडखडाट आत येऊ नये म्हणून दाराला रबर आणि काचेला दुहेरी तावदान लावलेलं. आवाज आत येत नसे, तसा बाहेरही जात नसे. नोकरीच्या सुरुवातीला एकदा एक म्हातारी फोनवर इतकी घाबरली होती, की ताई जाड आवाज काढायचा विसरून गेली. "चला, बाईमाणूस भेटली," म्हातारी म्हणाली आणि तिचा श्वास जागेवर आला. ताईचाही आला. त्या दिवसापासून केबिनचं दार लावलं की ती स्वतःच्या आवाजात बोलू लागली. तिला ताई म्हणणारी माणसं तिला फक्त अडकल्यावरच भेटत, पण भेटत होती हे काय कमी होतं!

मग एका दुपारी एक निवृत्त ग्रंथपालबाई फुलांचा गुच्छ घेऊन फाटकावर आल्या.

फाटकावर काका होते. काका पहारेकरी. यांचा खाक्या असा, की साहेबांच्या सासूबाईंनाही त्यांनी उन्हात उभं करून ठेवलं होतं, आणि सासूबाई गेल्यावर साहेबांनी गुपचूप त्यांची पाठ थोपटली होती. काकांनी ग्रंथपालबाईंना नाव-गाव विचारून रीतसर साहेबांपुढे नेलं.

"मला तुमच्या दुपारच्या ताईंना भेटायचंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आमची लिफ्ट म्हणजे जुना डबा, महिन्याआड अडकते. मागच्या खेपेला मी आत एकटी होते. त्या माझ्याशी पुस्तकांवर बोलत राहिल्या. त्या नसत्या तर मी गेलेच होते."

"दुपारी बाई नसते आमच्याकडे," साहेब म्हणाले.

"मग मी कोणाशी बोलले? लिफ्टशी?"

साहेबांनी त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं आणि फोनची ध्वनिमुद्रणं मागवली. सगळे फोन मुद्रित व्हायचे. आजवर ते ऐकायचं कोणाला सुचलं नव्हतं. साहेब आणि फोरमन दार लावून ऐकायला बसले. बाईचाच आवाज. एकामागून एक, सगळीकडे तीच बाई.

"साहेब, बाई आहे मात्र झकास," फोरमन म्हणाला. "ऐकता ऐकता मलाच अडकल्यासारखं वाटायला लागलं."

"मूर्खा, ही आत येते कुठून?"

यावर दोघांनी बराच विचार केला आणि आपल्या परीनं उत्तर काढलं. मौनीचं बाहेर कुठंतरी जुळलंय. तो तिला चोरून केबिनमध्ये आणतो, ती त्याचं काम करते आणि हा झोपा काढतो. मौनीला आत बोलावलं.

"कोण रे ती?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब."

"लाजू नको रे," फोरमनने डोळा मारला. "छुपा रुस्तम निघालास. पण वहिनींना कामाला कशाला लावतोस?"

"खरंच कोणी येत नाही."

ताईचा घसा तेवढ्यातच दुखायला लागला होता. तिने आणखी काही सांगितलं नाही. त्यामुळे साहेबांनी एका मौनी माणसाकडून जे काढता येत नाही ते दुसरीकडून काढायचं ठरवलं. एक बाई रोज फाटकातून आत येते याचा अर्थ पहारेकरी तिला सोडतो, किंवा त्याला ती दिसत नाही. काकांना चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला केलं.

काकांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. त्यांना साहेबांचं पटलं.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर आली तेव्हा काका फाटकासमोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसले होते. रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. "सायकल... दुरुस्ती. शिवणयंत्रं... भाड्याने मिळतील." मग एक डोळा झाकून पुन्हा तेच.

"काय करताय, काका?" तिने जाड आवाजात विचारलं.

"तपासतोय रे. इतकी वर्षं या फाटकातून मांजर गेलेलं मला समजायचं. आणि रोज एक अख्खी बाई गेली आणि मला दिसली नाही! म्हणजे डोळे तरी गेले, नाहीतर डोकं तरी. मुलगी म्हणते, बाबा, आता घरी बसा. सुनेनं तर माझ्या हातात किल्ल्या द्यायचं बंद केलंय."

"तुमचे डोळे चांगले आहेत, काका."

"तू चांगला आहेस म्हणून म्हणतोस," काका म्हणाले आणि दुसरा डोळा झाकला.

ताईने तो दिवस कसाबसा काढला.

घरी आई आणि मोठा भाऊ. दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघांनी मिळून एक धोरण आखलं होतं: घरातलं घरात. आई ताईशी बोलताना वाक्यं अशी बेतून बोलायची की मुलगा की मुलगी हा प्रश्नच येऊ नये. "जेवण झालं का", "झोप लागली का", "छत्री घेणं झालं का". इतकी वर्षं असं बोलून म्हातारी दमली होती. भावाने ही नोकरी साहेबांशी असलेल्या ओळखीवर मिळवून दिली होती, आणि त्याची तो आठवड्यातून एकदा तरी आठवण करून द्यायचा.

"उद्या जाऊन सांगून टाकते," ताई म्हणाली.

भावाने घास खाली ठेवला. "काय सांगणार?"

"की ती बाई मीच. काकांना वेड लागायची पाळी आलीय."

"मागच्या नोकरीत सांगून काय झालं, विसरलीस?"

विसरण्यासारखं नव्हतं. तिथे तिने एका मित्राला विश्वासात घेतलं होतं. त्याने तो विश्वास दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना वाटून टाकला. आठवडा संपायच्या आत मालक म्हणाले, जागेची अडचण आहे. दुकानात तेव्हा माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या.

"काकांना दुसरीकडे लावून देऊ," भाऊ म्हणाला. "मी बोलतो कोणाशी तरी. पण तू तोंड उघडू नकोस. माझं नाव आहे त्या माणसापाशी."

"माझं काय आहे?"

"तुझी नोकरी आहे ना! दार लावून बोलतेस हवं तसं. याहून जास्त काय हवंय?"

ताईने आईकडे पाहिलं. आई पाण्याचं भांडं उगीच इकडचं तिकडे करत होती. "मला विचारू नका," ती म्हणाली. "मला आता कशाचीच ताकद नाही. जगाला उत्तरं देत बसायची तर नाहीच नाही."

"मग माझ्यात कुठून येणार, आई? मी रोज दोन माणसांचं आयुष्य जगते, आणि त्यातला एक माणूस तर मला आवडतही नाही."

भावाने रेडिओ लावला. आजचं तापमान किती, हे तिघांनीही फार लक्ष देऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी ताई साहेबांच्या खोलीत गेली. फोरमन तिथेच होता. केबिनला आणखी कुठे खिडकी पाडली म्हणजे मौनीची बाई दिसेल, त्याचा नकाशा काढत होता.

"साहेब, काकांना परत घ्या. बाहेरून कोणी आलेलं नाही. ती बाई मी आहे."

साहेब मान हलवून हसले. "बघा. तिला वाचवायला हा काय काय बोलतोय."

"खरंच मी आहे."

"अरे, प्रेम करावं, पण इतकं?" फोरमनला गहिवरून आलं.

शेवटी ताईने श्वास घेतला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "पाठ भिंतीला लावा. दाराला हात लावू नका. मिस्त्री निघालेत."

फोरमनची पेन्सिल नकाशावर तशीच राहिली. मग तो एकदम टाळ्या पिटायला लागला. "हॅ! काय नक्कल करतो! साहेब, हा मौनी नाही, कलावंत आहे कलावंत! वर्धापनदिनाला ठेवा याला!"

साहेबांनाही हसू फुटलं. सुटकेचं हसू होतं ते. "आधी सांगायचं नाही का, गाढवा? आम्ही इथे डोकी फोडून घेतोय!"

इथे थांबता आलं असतं. काका परत आले असते, नोकरी राहिली असती, भावाचं नावही राहिलं असतं. दरवाजा आपोआप उघडला होता आणि ताईला फक्त पाय बाहेर ठेवायचा होता. तिला त्या क्षणी भयंकर थकवा आला, इतका की समोरच्या खुर्चीवर परवानगी न घेता ती बसली.

"नक्कल नाही, साहेब. मी बाई आहे."

"म्हणजे आवाज बाईसारखा."

"आवाज बाईचा. मीही."

साहेबांचं हसू हळूहळू उतरलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"नोकरीला लागल्यापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

"मग मुलाखतीत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. लिफ्टची भीती वाटते का, एवढंच विचारलं होतं."

फोरमन उठला, पुन्हा बसला. आपण या माणसाला वहिनीवरून चिडवलं होतं, पाठीत धपाटे घातले होते, नको ते विनोद सांगितले होते, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून ओळीनं जाताना दिसलं.

साहेब मुळात वाईट नव्हते. म्हणूनच त्यांनी सर्वांत वाईट तोडगा अगदी मायेनं मांडला. "हे बघ. ही गोष्ट या खोलीबाहेर जायची नाही. काकांना मी आज परत घेतो. तूही राहा, केबिनमध्ये त्याच आवाजात बोल, गिऱ्हाइकं खूश आहेत. फक्त कोणी विचारलं तर सगळ्यांनी सांगायचं, आमचा मौनी नक्कल करतो. कोणाचं काही जात नाही. बरोबर?"

फोरमनने जोरात मान डोलवली. ताई मात्र हललीच नाही.

"नक्कल मी करते, साहेब," ती म्हणाली. "पण ती केबिनच्या बाहेर करते. वडिलांच्या आवाजाची. आता होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. दारही लावून घेणार नाही."

साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. "तू घरी जा," ते शेवटी म्हणाले. "मी विचार करून कळवतो. तोवर येऊ नकोस."

काकांना त्याच दुपारी परत घेतलं. खरं कारण काय, ते फोरमनने त्यांना सांगितलं. फोरमनच्या पोटात काही राहत नसे, म्हणून ते संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यालाच कळलं. फोनवर तात्पुरता तोच बसला. पहिल्याच बाईला त्याने सांगितलं, "रडू नका, पडली तर एकदाच पडेल." दुसऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, ताई कुठे आहेत? तिसऱ्यानेही तेच. फोरमन कंटाळून सगळ्यांना एकच उत्तर देऊ लागला: "ताई रजेवर आहेत." जे कंपनीला एका खोलीत तोंडातून काढवलं नाही, ते ती फोनवर दिवसभर सांगत होती.

ताईने काही दिवस वाट पाहिली. कोणी काही कळवलं नाही. भाऊ तिच्याशी बोलत नव्हता, आई सगळ्यांशीच कमी बोलत होती. एका दुपारी ती उठली, तिला आवडणारा गडद निळा कुडता घातला आणि कामावर गेली. शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. घरी बसून वाट बघण्यात तिथे जाऊन वाट बघण्याइतकेच कष्ट होते, आणि तिथे निदान पंखा चांगला होता.

फाटकावर काका होते. नाकावर नवा चष्मा.

"माझे डोळे चांगले होते," काका म्हणाले.

"मी म्हटलं होतं."

"नुसतं 'चांगले आहेत' म्हणालीस! कारण सांगायला काय झालं होतं? चष्मा केला मी! सुनेनं किल्ल्या काढून घेतल्या! रात्र रात्र छताकडे बघत पडायचो, म्हटलं आता पुढचं काय काय दिसेनासं होणार."

"चुकले, काका. भीती वाटली."

काकांनी चष्मा काढला, पुसला, शर्टाच्या खिशात ठेवला. "साहेबांचा हुकूम आहे. तुला आत सोडायचं नाही."

"बरं."

"माझं ऐकून घे आधी. इतक्या वर्षांत मी साहेबांचा हुकूम मोडला नाही. पण साहेबांनी माझ्यावर ठपका ठेवला होता, की बाई आत जाते आणि याला दिसत नाही. त्या ठपक्यापायी मी फुकट भोगलंय. आता जे भोगून झालंय, ते करून तरी घेऊ दे." आणि काका रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. "सायकल दुरुस्ती," ते मोठ्यानं वाचू लागले. "शिवणयंत्रं भाड्याने मिळतील."

ताई आत गेली. केबिनमध्ये फोरमन एका अडकलेल्या माणसाशी भांडत होता. तिला बघून तो थबकला. काय म्हणून हाक मारावी ते त्याला सुचेना. त्याने हेडफोन काढला आणि नुसताच "घ्या" म्हणाला. आजवर तो तिला कधी 'घ्या' म्हणाला नव्हता. तिने दार उघडंच ठेवलं. मोटारींचा खडखडाट आत येत होता आणि तिचा आवाज बाहेर जात होता. कारखान्यातली काही माणसं बघत राहिली, काही मुद्दाम बघेनाशी झाली, एकाने थुंकायला दिलेली जागा सोडून तिच्या केबिनसमोर थुंकून घेतलं.

साहेब आले, दारात उभे राहिले. फोन चालू होता, आणि नियम त्यांनीच केलेला होता. दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. ते थोडा वेळ थांबले आणि परत गेले. त्यांनी तिला कामावर घेतलंही नाही, काढलंही नाही. विचार चालू आहे, असं ते अजून सांगतात.

याच सुमाराला ग्रंथपालबाई पुन्हा आल्या, गुच्छ घेऊन, ठरल्याप्रमाणे. फोरमनने उघड्या दाराकडे बोट केलं. ताईने वर पाहिलं. त्या दोघींमध्ये खोलीभर अंतर होतं. ग्रंथपालबाईंनी तिचे रुंद खांदे पाहिले, गळ्यातला कंठमणी पाहिला, हातावरचे केस पाहिले. मग त्यांनी गुच्छ फोरमनच्या हातात दिला, "त्यांना... यांना द्या" असं काहीतरी पुटपुटल्या आणि घाईचं काम आठवल्यासारख्या निघून गेल्या. फोरमन गुच्छ घेऊन बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने तो मोटारींच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून खोचला.

ताई त्यावर कोणाशी बोलली नाही. काही दिवस तिची दुपार जरा जास्त लांब गेली, इतकंच.

ग्रंथपालबाईंची लिफ्ट जुना डबाच होती. पुढच्या महिन्यात ती पुन्हा अडकली. ताईने फोन उचलला.

"कुठल्या मजल्याला निघाला होतात?"

पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, उथळ आणि भरभर. नंबरावरून इमारत कोणती ते ताईला कळलं होतं.

"मिस्त्री निघालेत," ती म्हणाली. "मी फोनवर आहे."

"तुम्हीच ना?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"हो."

कारखान्यात कोणीतरी मोटार चालू केली, बंद केली.

"मी त्या दिवशी दारातून परत गेले," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मी पाहिलं."

"मला... मला समजेना काय करावं. आयुष्यभर पुस्तकं वाटली मी लोकांना." त्यांचा आवाज फाटला. "आता काय करू, ताई?"

त्यांना क्षमा हवी होती, हे ताईला समजलं. ती द्यायची की नाही, यावर विचार करण्याइतकी ताकद त्या दुपारी तिच्यात नव्हती. समोर काम होतं.

"आता पाठ भिंतीला लावा," ती म्हणाली. "खाली बसा. आणि बोलत राहा, मी ऐकतेय."